धाकलं भावजी : १९४३ सालचा एक वैमानिक आणि त्याची तिथी

वाळवेकर

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असतो, त्यामुळे इथे बघून काहींना नवल वाटेल. पण काम निकडीचं आहे आणि पितृपक्ष तीन आठवड्यांवर आलाय.

गावाकडचा (वाळवा तालुका) जुना वाडा उतरवायला काढला. माळ्यावर हिरव्या पत्र्याची ट्रंक निघाली, सुतळीने बांधलेली. ती कुणाची हे घरात सगळ्यांना माहीत होतं. उघडली मात्र कुणीच नव्हती. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होता आणि विमान शिकतानाच पडून गेला. वय २१. लग्न झालेलं नव्हतं. आजी त्यांची वहिनी, ती त्यांना कायम 'धाकलं भावजी' म्हणायची, म्हणून आम्ही नातवंडंही धाकलं भावजीच म्हणतो. नातं चुकीचं आहे, पण तेच तोंडात बसलंय.

ट्रंकेत काय निघालं ते सांगतो. उड्डाणाचा चष्मा, काचा शाबूत, पट्टा वाळून चिंचेच्या टरफलासारखा. वूलनचे मोजे, कसरीने चाळण केलेले. इंग्रजीत टाइप केलेलं एक पत्र, घडीवर फाटलंय आणि नेमका तारखेचा तुकडा गेलाय. तार आहे, पण शाई उडालीय. एक लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) आहे, त्याची शेवटची वीस-पंचवीस पानं ओल लागून एकमेकांना घट्ट चिकटलीत.

मला हवीय फक्त तारीख. आजी त्यांचं एकादशीला धरायची, कारण तार एकादशीला आली. इस्लामपूरहून तारवाला सायकलवर आला, ते तिला मरेपर्यंत आठवत होतं. ती म्हणायची, "एकादशीलाच ग्येलं, आपसूक उपास तरी घडतोय." पण तार आली तो दिवस म्हणजे गेल्याचा दिवस नव्हे, एवढं तिलाही कळत होतं. म्हाळाला दरवर्षी एक पान जादा वाढायची आणि त्या पानावर वांगं नसायचं, त्यांना खपायचं नाही म्हणून. आजी २००९ साली गेली. आता म्हाळ माझ्याकडे आहे.

युद्धातल्या मृतांच्या यादीत इंटरनेटवर शोधलं. आडनाव आणि 'सांगली' टाकून काही सापडत नाही. कुणी मार्ग दाखवेल का?

हवाई_चप्पल

वाळवेकर, चिकटलेली पानं ओढू नका! वाफ देऊ नका, इस्त्री तर अजिबात नको. जुन्या लॉगबुकात शाईची नोंद असते, वाफेने पसरली की संपलं. आधी सावलीत आठवडाभर नुसतं वाळू द्या.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याचा कारागीर) होतो. जलाहल्लीला शिकलो आणि पहिली काही वर्षं जोधपूरला हार्वर्ड विमानांवर काढली, म्हणून थोडं लिहितो.

चिकटलेल्या पानांच्या आधीची पानं उघडतात का? त्यात विमानाचा प्रकार कोणता लिहिलाय? टायगर मॉथ असेल तर प्राथमिक शाळा, म्हणजे बेगमपेठ किंवा जोधपूर. हार्वर्ड असेल तर अंबाला. हरिकेन असेल तर पोरगा पंख (वैमानिकाचा बिल्ला) मिळवून पुढे रिसालपूर-पेशावरकडे गेलेला. त्या काळी क्रम असा होता : आधी लाहोरजवळ वॉल्टनला कवायत, गणित, मोर्स, मग टायगर मॉथ, मग अंबाला, मग छातीवर पंख. फोटो असेल तर छाती बघा.

वाळवेकर

फोटो आहे. गणवेश, तिरकी टोपी, टोपीच्या पुढच्या बाजूला पांढरी पट्टी. छातीवर काही नाही. उघडणाऱ्या पानांवर सुरुवातीला टायगर मॉथ, शेवटी शेवटी हार्वर्ड.

हवाई_चप्पल

मग अंबालाच. पांढरी पट्टी ही आरएएफच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या) पद्धतीची प्रशिक्षणार्थीची खूण. पंख मिळाले की पट्टी जाते. म्हणजे तुमचे धाकलं भावजी (मीही म्हणू लागलो) पंखांच्या अलीकडे गेले.

टायगर मॉथबद्दल दोन शब्द, कारण आजच्या पोरांना ते खेळणं वाटतं. दुपंखी, लाकूड आणि कापड, १३० अश्वशक्तीचं इंजिन. ब्रेक नाही, सेल्फ-स्टार्ट नाही, खाली उभ्या माणसाने हाताने पंखा फिरवायचा. दोन उघडी आसनं, पुढे शिक्षक, मागे विद्यार्थी, आणि बोलायला दोघांत एक नळी. डोक्यावर वरच्या पंखात पेट्रोलची टाकी. पण स्वभाव गरीब. चूक केली की आधी कुरकुरतं, मग पडतं.

हार्वर्ड तसं नाही. साडेपाचशे-सहाशे अश्वशक्ती, चाकं आत ओढली जातात, ती उतरताना बाहेर काढायला विसरलात की संपलं. आणि वेग कमी पडला की एक पंख एकदम खाली जातो. उंचीवर झालं तर सावरता येतं. धावपट्टीवर उतरायला वळताना झालं तर वेळच नसतो. जोधपूरला आमचा वॉरंट ऑफिसर म्हणायचा की मॉथ म्हणजे गाढव आणि हार्वर्ड म्हणजे बिनलगामी घोडं, फरक एवढाच की गाढवावरून उतरून लगेच घोड्यावर बसवतात.

त्यात पंजाबची थंडी. सकाळचं धुकं आणि वर धुराचा थर, क्षितिजच दिसत नाही. शंभर तासांचा अनुभव असलेल्या पोराला वर-खाली कुठलं हे कानावरून ठरवावं लागतं आणि कान खोटं बोलतो.

पण तुमच्या बाबतीत काय झालं ते मी सांगणार नाही. कागद हातात नसताना हवा, इंजिन की पोरगं असं ठरवणं पाप आहे.

घणाघात

धागा भावनिक आहे, मान्य. तरी एक प्रश्न विचारतोच. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला तिरंगा घेऊन गेलेल्यांवर गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला तेच. तुमचं गाव वाळवा तालुक्यातलं, नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा बालेकिल्ला. त्याच काळात त्याच तालुक्यातला सुशिक्षित पोरगा बादशहाच्या विमानात बसायला जातो. त्याला आज 'शहीद' वगैरे म्हणायचं का? माझे आजोबा कुंडलच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या बाजूने होते, म्हणून विचारतोय. कृपया हलके घ्या.

वाळवेकर

घणाघात, शहीद म्हणा असं मी कुठे लिहिलंय? तारीख मागितलीय फक्त. पण तुम्ही विषय काढलाच आहे तर आमच्या घरची गंमत ऐका.

माझे आजोबा, म्हणजे मधले भाऊ, भूमिगत होते. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीला पगाराची गाडी लुटली, त्यानंतर आमच्या भागात धरपकड वाढली. फौजदार आमच्या घरावर येऊन गेला. आजी तेव्हा पंधरा-सोळाची, नवी नवरी. तिने सांगितलेलं असं : फौजदाराने उंबऱ्यातूनच शिव्या सुरू केल्या, कणगी उपसली, अंथरुणं फाडली, आणि मग सोप्यातल्या भिंतीवर त्याला गणवेशातला फोटो दिसला. विचारलं, हा कोण? थोरल्या आजोबांनी सांगितलं, धाकटा, सरकारच्या विमानात आहे. फौजदार थांबला. शिव्या थांबल्या. म्हणाला, पाणी द्या.

पाणी पिऊन गेला. कणगीतलं जोंधळं तसंच सांडलेलं.

त्यातून काय झालं ते बघा. गावात बोलायला लागले की बाकीच्यांच्या घरांना आगी लागतात, यांच्या घरी फौजदार पाणी पितो. आजोबांच्या साथीदारांपैकी एकाने त्यांना तोंडावर विचारलं होतं. आणि पाच-सहा महिन्यांतच ती तार आली. आजोबा त्या वेळी घाटात कुठेतरी लपलेले. भाऊ गेल्याचं त्यांना कळलं ते महिन्याने.

स्वातंत्र्य मिळालं. १९७२ ला आजोबांना ताम्रपट मिळाला. तो टांगायला सोप्यात जागा हवी म्हणून आजोबांनी स्वतः तो फोटो काढून ट्रंकेत ठेवला आणि त्याच खिळ्याला ताम्रपट लावला. आजी त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही. हे आम्हाला आत्याने सांगितलं. आजोबा वाईट माणूस नव्हते. त्यांना काय वाटलं असेल ते त्यांनाच माहीत.

आता ताजी गोष्ट. २०२३ च्या 'मेरी माटी मेरा देश' या सरकारी मोहिमेत गावोगाव शिलाफलक बसले. आमच्याही बसला. आजोबांचं नाव आहे. धाकलं भावजींचं सुचवलं तर उत्तर आलं, "ते इंग्रजांच्या नोकरीत होते, यादीत बसत नाहीत." मी वाद घातला नाही.

घणाघात

खिळ्याची गोष्ट वाचून गप्प झालो. प्रश्न मागे घेत नाही, पण तुम्हाला विचारायला नको होता.

कोरेगावची_सून

घणाघातदादा, सातारा जिल्ह्यात हे काळं-पांढरं कधीच नव्हतं हो. माझ्या माहेरच्या बाजूला अपशिंगे आहे, 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण पडले. घरटी एक फौजी. त्याच पंचक्रोशीत सत्याग्रहीही होते, आणि सणाला एकाच पंगतीत बसायचे.

आणखी एक. जुन्या गावांत चावडीला किंवा वेशीला तो संगमरवरी दगड असतो बघा, १९१४ ते १९१९ च्या लढाईत या गावातून इतके गेले, त्यापैकी इतके मेले. नुसते आकडे. नाव एकाचंही नाही. शाळेत जाताना रोज त्या दगडाला टेकून आम्ही चिंचा खायचो.

खडकीचा_पाहुणा

वाळवेकर, स्मारकांबद्दल थोडं सांगतो, कारण लोक खडकीला येऊन शोधत बसतात आणि निराश होतात. खडकीच्या वॉर सिमेटरीत दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून जास्त कबरी आहेत, पण दहन झालेल्या हिंदू सैनिकाची तिथे कबर कशी असणार? त्यामुळे तिथे हेलपाटा घालू नका.

दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांवर नावं आहेत, पण ती पहिल्या महायुद्धातली आणि तिसऱ्या अफगाण युद्धातली. शेजारी २०१९ ला झालेलं राष्ट्रीय समर स्मारक स्वातंत्र्यानंतरच्यांसाठी. म्हणजे १९३९ ते ४५ ची माणसं दोन्हींच्या मधल्या फटीत पडली. त्या युद्धात २५ लाख हिंदी माणूस वर्दीत होता, जगातलं सर्वांत मोठं स्वेच्छेचं सैन्य, आणि राजधानीत लोक सहज जातात अशा एकाही ठिकाणी त्यांची नावं नाहीत.

नावं आहेत ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे. अविभाजित हिंदुस्थानच्या २५ हजारांवर माणसांसाठी दिल्ली-कराचीचं जोडस्मारक आहे. हवाई दलातल्या, ज्यांची कबर नाही अशांसाठी सिंगापूरला क्रांजीचं स्मारक आहे. दोन्हीकडे बघा.

आता तुमची चूक सांगू? तुम्ही 'सांगली' टाकून शोधताय. १९४३ साली वाळवा सातारा जिल्ह्यात होता! दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याचं नाव सांगली पडलं १९६० ला. कमिशनच्या नोंदीत 'अमक्याचा मुलगा, राहणार सातारा' असं असणार. आणि आडनावाचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी करून बघा. त्या काळचे कारकून कानाला येईल तसं लिहायचे.

वाळवेकर

_'सातारा'_!!

थांबा, जेवण सोडून बसलोय.

वाळवेकर

सापडले. तिसऱ्या स्पेलिंगला. वडिलांचं नाव बरोबर, गावाचं नाव अर्धं चुकलेलं, पुढे सातारा, इंडिया. हुद्दा फ्लाइट कॅडेट. स्मारक सिंगापूर. वय २१. तारीख आहे.

तारीख इथे टाकत नाही, घरच्यांना आधी सांगायचीय. बायकोला दाखवली, ती नुसती बघत बसली.

पंचांगी

अभिनंदन म्हणू की काय म्हणू कळत नाही. तिथी काढून हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे जुनी पंचांगं आहेत. १९४३ म्हणजे शके १८६५.

अवांतर, पण उपयोगाचं : तिथी कळली नाही तरी अडत नाही. अविवाहित गेलेल्यांचं पितृपक्षात पंचमीला करतात. आणि अपघाताने, शस्त्राने गेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी, पंचांगात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं छापलेलं असतं. तुमच्या बाबतीत दोन्ही लागू. आमच्या गावच्या गुरुजींचं मत असं की चतुर्दशी धरावी. माझं मत असं की वहिनीने साठ-पासष्ट वर्षं सर्वपित्रीला पान वाढलं असेल तर कुठलीही तिथी त्यापुढे फिकी.

हवाई_चप्पल

वाळवेकर, लॉगबुकाचं काय झालं? तारीख जुळवून बघा. कमिशनच्या नोंदीत क्वचित एखादा दिवस इकडेतिकडे होतो. लॉगबुक म्हणजे मूळ कागद.

वाळवेकर

नऊ दिवसांनी येतोय, क्षमस्व. लॉगबुक सांगलीला गणपती पेठेतल्या एका जुन्या बाइंडरकडे नेलं. त्यांनी बांबूची पातळ कामटी घासून घासून कागदाहून पातळ केली आणि एकेक पान सोडवलं. दीड दिवस लागला. पैसे घेतले नाहीत, म्हणाले, पुढच्या वेळी लग्नपत्रिका आमच्याकडे द्या.

आता पानं उघडतात. प्रत्येक ओळीत तारीख, विमान, नंबर, वैमानिकाचं नाव, सोबत कोण, काय केलं, किती वेळ. अक्षर सुरेख, तिरकं, आमच्या थोरल्या आजोबांसारखं. सुरुवातीला वैमानिकाच्या रकान्यात शिक्षकाचं नाव आणि सोबतच्या रकान्यात 'सेल्फ'. मग एका दिवशी ते उलटं होतं. वैमानिक 'सेल्फ', सोबत 'सोलो'. त्या ओळीखाली त्यांनी पट्टी लावून बारीक दुहेरी रेघ मारलीय. बाकी कुठेच नाही.

शेवटची ओळ दुसऱ्याच्या हातची. अक्षर गोल, शाई काळी, त्यांची निळी होती. हार्वर्ड. वैमानिक 'सेल्फ'. सोबत 'सोलो'. वेळेच्या रकान्यात चाळीस मिनिटं. खाली लाल शाईने बेरीज, सगळे तास मिळून १२८ च्या वर काही मिनिटं, आणि सही.

हवाई_चप्पल, ही चाळीस मिनिटं कुणी मोजली असतील?

हवाई_चप्पल

उड्डाणाची वेळ तळावरच्या नोंदवहीत असते. पडल्याची वेळ कुणी पाहिलं त्यावरून, नाहीतर अंगावरच्या घड्याळावरून. मग कार्यालयातला एखादा कारकून किंवा शिक्षकच बसून लॉगबुक बंद करतो, बेरीज करतो, घरी पाठवतो. जिवंत माणसाची महिन्याची बेरीज तो स्वतः करतो. ही एकच बेरीज दुसरा करतो.

आमच्याकडे जोधपूरला एकदा ते काम माझ्या समोर झालं. ज्याने केलं तो माणूस त्या दिवशी जेवायला मेसमध्ये आला नाही. बस, इतकंच.

त्या युद्धात पाश्चात्त्य देशांचीही शिकाऊ पोरं हजारांनी गेली, शत्रूचं विमान न बघता. आपलं हवाई दल १९३९ ला एक स्क्वाड्रन होतं, १९४५ ला नऊ स्क्वाड्रन आणि साधारण २८,५०० माणसं. एवढं फुगवायचं म्हणजे पोरांना घाईत शिकवणं आलं. आणि ज्यांनी ते शिक्षण पार केलं, त्यांनीच २७ ऑक्टोबर १९४७ ला डाकोटा विमानांतून शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरवले. घणाघात, हे तुम्हाला टोमणा म्हणून नाही.

घणाघात

टोमणा घेतला नाही. वाळवेकर, शिलाफलकाचा अर्ज पुन्हा करायचा असेल तर मसुदा मी लिहून देतो. माझ्या आजोबांचं नाव खाली टाका, वजन पडेल. भूमिगताच्या नातवाने शिफारस केली तर 'यादीत बसत नाही' म्हणणं जरा जड जाईल.

वाळवेकर

मसुदा पाठवा. वाचून ठरवतो.

पंचांगी यांनी तिथी काढून दिली. दोन्ही तारखा जुळतात, लॉगबुक आणि कमिशन. सप्तमी निघाली. म्हणजे तार चार दिवसांनी आली आणि ते चार दिवस आमच्या घरात सगळं नेहमीसारखं चाललं होतं. आत्याला फोन केला. ती म्हणाली, मग आता सप्तमीला उपास करायचा का? मी म्हटलं, आजीची एकादशी मोडायची नाही.

सिंगापूरकर_साताऱ्याचा

वाचनखूण करून ठेवलेला धागा आज पूर्ण वाचला. मूळ गाव वाई, नोकरी इकडे. क्रांजीचं स्मारक माझ्या घरापासून मेट्रोने पाऊण तासावर आहे. दोनदा गेलोय. टेकडीवर उंच, विमानाच्या शेपटासारखं बांधलंय, खाली खांबांवर नावंच नावं, २४ हजारांच्या वर. खांबाचा नंबर कमिशनच्या नोंदीत असेल. स्पेलिंग आणि नंबर व्यनि करा, रविवारी जाऊन फोटो काढतो. तिथे काही ठेवायचं असेल तर सांगा. फुलं मिळतात.

वाळवेकर

स्पेलिंग आणि खांबाचा नंबर व्यनि केलाय. फुलं नकोत. फोटो काढताना तुमची सावली दगडावर पडू देऊ नका, आणि शेजारची दोन-तीन नावंही येऊ द्या. सोबत कोण आहे ते बघायचंय.

सिंगापूरकर_साताऱ्याचा

सकाळी आठला पोचतो, ऊन तिरकं असतं तेव्हा अक्षरं उठून दिसतात. पाऊस असला तर त्यापुढच्या रविवारी.